माणसांच्या त्वचेवरील मलम कुत्र्या-मांजरांना लावणे कितपत सुरक्षित आहे?

प्रश्न – पाऊलखुणा

नमस्कार. आमच्या घरात एक कुत्री आणि एक मांजर असे दोन प्राणी आहेत आणि दोघींचे चांगले जमते. काही दिवसांपासून कुत्रीच्या पोटाच्या खालच्या बाजूला, जांघेजवळ, एक गोलसर लाल चट्टा उठला आहे. चट्ट्याच्या कडेने कोंड्यासारखी साल सुटते, मधला भाग काळपट पडत चालला आहे आणि तिथले केस विरळ झाले आहेत. ती सतत खाजवत नाही. परंतु निवांत बसली की मागचा पाय वर करून तोच भाग चाटत राहते, आणि त्यामुळे आजूबाजूचे पांढरे केस लाळेने तांबूस दिसू लागले आहेत. खाणेपिणे, खेळणे, झोप यांत काहीही फरक पडलेला नाही.

चट्टा दिसायला अगदी नायट्यासारखा आहे. घरातील एका व्यक्तीला मध्यंतरी त्वचेच्या तक्रारीसाठी डॉक्टरांनी दिलेली ट्यूब निम्मी शिल्लक आहे. तिच्यावर क्लोबेटासोल, निओमायसिन आणि मायकोनाझोल अशी तीन नावे आहेत. त्याखेरीज हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का, झिंक ऑक्साइडचे मलम, कॅलामाइन लोशन आणि पोव्हिडोन आयोडीन एवढे घरात आहे. पशुवैद्यांची वेळ मिळाली आहे, पण ती चार दिवसांनंतरची आहे. तोपर्यंत यांपैकी काही अगदी थोडेसे लावले तर चालेल का? प्राण्यांसाठी मिळणाऱ्या मलमांवरही मायकोनाझोल, बीटामेथासोन अशी हीच नावे असतात, मग फरक नेमका कशात आहे, हे मला समजून घ्यायचे आहे. दुसरी काळजी मांजरीची आहे, कारण ती दररोज कुत्रीचे डोके आणि मान चाटून साफ करते.

उत्तर – श्वानवैद्य

मी पशुवैद्य आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या प्राण्यांपैकी बरेचसे त्वचेच्याच तक्रारी घेऊन येतात. तीन औषधांची ती ट्यूब कृपया लावू नये. असे का म्हणतो ते जरा विस्ताराने सांगतो, कारण नुसते ‘लावू नका’ म्हटले की माणूस दुसऱ्या ट्यूबकडे वळतो.

माणसाच्या त्वचेवर लावायचे औषध तयार करताना ते लावलेल्या जागी राहणार हे गृहीत धरलेले असते आणि त्याची तीव्रता त्याच हिशेबाने ठरवलेली असते. कुत्रा किंवा मांजर मात्र अंगाला लागलेली कोणतीही नवी वस्तू चाटून काढते. जांघेसारखी जागा तर जिभेच्या अगदी टप्प्यात असते. म्हणून प्राण्याच्या अंगावर काहीही लावण्यापूर्वी ‘हे पोटात गेले तर काय होईल’ हा प्रश्न आधी विचारावा लागतो, आणि मलमाच्या वेष्टणावर त्याचे उत्तर सहसा लिहिलेले नसते. त्वचेच्या रचनेतही फरक आहे. आपल्या त्वचेचा बाह्यस्तर साधारण १० ते १५ पेशीथरांचा असतो, तर कुत्र्यांमध्ये तो बहुतेक ठिकाणी ३ ते ५ थरांचाच असतो आणि संरक्षणाची मोठी जबाबदारी केसांवर असते. आपली त्वचा आम्लधर्मी, तर कुत्र्याची त्याहून उदासीनतेकडे झुकणारी असते. त्यामुळे आपल्याला सोसणारे औषध तिथे जळजळ करू शकते किंवा अपेक्षेपेक्षा जास्त शोषले जाऊ शकते. तरीही माझ्या अनुभवात खरे नुकसान होते ते जिभेमुळेच.

आता त्या ट्यूबमधील घटक पाहू. क्लोबेटासोल हे त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडांमधील सर्वांत तीव्र गटातले औषध आहे. वारंवार लावल्यास त्वचा कागदासारखी पातळ होते, जखम भरायला वेळ लागतो आणि औषध रक्तात उतरल्यावर प्राणी जास्त पाणी पिऊ लागतो, जास्त लघवी करतो, सतत भुकेला राहतो. दीर्घकाळ असेच चालल्यास शरीराच्या स्वतःच्या स्टेरॉइडनिर्मितीवर परिणाम होतो. मधुमेही प्राण्यांमध्ये साखर बिघडते. परंतु एवढ्याने माझा मुख्य आक्षेप संपत नाही. स्टेरॉइडने आजाराचा चेहरामोहराच बदलतो, आणि मला त्याचीच अधिक भीती वाटते.

आपण वर्णन केलेला चट्टा, म्हणजे कडेने सुटणारी साल, मधोमध काळपटपणा आणि तोही पोटाच्या उघड्या त्वचेवर, मला वाचताक्षणी जिवाणूंच्या वरवरच्या संसर्गाची आठवण करून देतो. त्या संसर्गात आधी लहान पूयुक्त फोड येतो, तो फुटून जातो आणि त्याच्या जागी सालीचे कडे बाहेर पसरत जाते. दिसायला ते हुबेहूब नायट्यासारखे असते, आणि कुत्र्यांमध्ये खऱ्या नायट्यापेक्षा हा संसर्ग कितीतरी अधिक आढळतो. न पाहता मी निदान करत नाही. तो नायटाही असू शकेल, पिसवांच्या चाव्यातून उद्भवलेली ॲलर्जी असू शकेल, किंवा लूतही असू शकेल. लुतीचे दोन प्रमुख प्रकार आहेत. एकात सार्कोप्टिस जातीचे किडे त्वचेत बिळे करतात, प्रचंड खाज सुटते आणि माणसालाही काही काळ पुरळ उठू शकते. दुसऱ्यात डेमोडेक्स जातीचे किडे केसांच्या मुळाशी वाढतात आणि सुरुवातीला खाज जवळजवळ नसते. या सर्वांवर स्टेरॉइड लावले तर दोन-तीन दिवसांत लाली उतरते आणि गुण आल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात डेमोडेक्सला मोकळे रान मिळते, बुरशी शांतपणे पसरते, जिवाणू खोल जातात. त्यानंतर प्राणी आमच्याकडे येतो तेव्हा चट्ट्याला ना धड कडा असते ना ओळखता येईल असे रूप.

निदानाची साधने खरे तर अगदी साधी आहेत. ब्लेडच्या बोथट बाजूने त्वचा किंचित रक्त दिसेपर्यंत खरवडून तो अंश सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की डेमोडेक्स बहुधा सापडतो. पारदर्शक चिकटपट्टी चट्ट्यावर दाबून, रंगवून पाहिली की जिवाणू आणि यीस्ट दिसतात. बुरशीसाठी केस उपटून संवर्धनाला लावतात, म्हणजे त्यांवर बुरशी वाढते का ते पाहतात. अतिनील दिव्याखाली बुरशीबाधित केस हिरवट चमकतात, पण सर्व जातींच्या बुरशीत नाही. म्हणून चमक दिसली नाही तरी नायटा नाही असे म्हणता येत नाही. ज्या जागी आदल्या दिवसापर्यंत निओमायसिनसारखे प्रतिजैविक आणि मायकोनाझोलसारखे बुरशीनाशक चोळलेले असते, तिथून घेतलेला नमुना फसवा निघू शकतो. निओमायसिनचा आणखी एक दोष म्हणजे त्याची त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, आणि पडदा फाटलेल्या कानात ते उतरल्यास श्रवणाला धोका पोहोचतो.

नावे सारखी असताना फरक कशात, हा आपला प्रश्न योग्य आहे. औषध माणसाचे आहे म्हणून ते विष ठरत नाही. मुपिरोसिन, सिल्व्हर सल्फाडायझिन, टॅक्रोलिमस अशी मूळची माणसांसाठीची औषधे आम्ही स्वतः लिहून देतो. फरक असतो तो तीव्रतेत, मलमाच्या आधारद्रव्यात, सोबत मिसळलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या घटकात, आणि मुख्य म्हणजे कोणत्या निदानावर, किती दिवस, कोणत्या प्राण्याला ते द्यायचे या निर्णयात.

घरातील इतर वस्तूंविषयी थोडक्यात सांगतो. हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का हे सौम्य आहे. चुकून एकदा थोडे चाटले गेले तर बहुधा गंभीर काही होत नाही, पण निदानाच्या आड येण्याचा दोष त्यालाही लागू आहे. झिंक ऑक्साइडचे मलम निरुपद्रवी समजले जाते, कारण ते तान्ह्या मुलांनाही लावतात. पण ते चाटल्यावर उलट्या होतात, आणि रोज चाटले जात राहिले तर जस्त शरीरात साठून तांबड्या रक्तपेशी फुटू लागतात. हिरड्या पांढुरक्या किंवा पिवळट होतात आणि लघवी गडद येते. कॅलामाइनमध्येही झिंक ऑक्साइडच असते, त्यामुळे तेही वगळावे. पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून जागा पुसण्यापुरते वापरता येते, मात्र ते कोरडे होईपर्यंत चाटू देऊ नये, आणि आपल्या बाबतीत नमुना घेण्यापूर्वी तेही टाळलेले अधिक बरे. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट जखमेवर ओतू नयेत; त्यांनी निरोगी पेशींचेही नुकसान होते.

या चार दिवसांत आपण तिचे चाटणे थांबवावे. गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घालावी. दिवसातून दोनदा निर्जंतुक सलाईनने भिजवलेल्या गॉजने ती जागा हलकेच टिपून कोरडी करावी, घासू नये. चट्ट्याशेजारी मोजपट्टी धरून रोज दिवसाच्या उजेडात एक छायाचित्र काढावे, कारण चट्टा किती वेगाने पसरतो हे मला शब्दांपेक्षा त्यावरून लवकर कळते. नायट्याची शक्यता मिटेपर्यंत दोघींना वेगळे झोपवावे आणि तिला हाताळल्यावर हात धुवावेत. चट्टे भराभर वाढले, पू किंवा दुर्गंधी आली, चेहरा सुजला किंवा ती मलूल झाली, तर चार दिवस थांबू नये.

उत्तर – मांजरघर

श्वानवैद्यांनी कुत्रीविषयी सविस्तर लिहिले आहे. मला आपल्या दुसऱ्या काळजीविषयी लिहायचे आहे, कारण मी अनेक वर्षे सोडून दिलेल्या मांजरांची देखभाल करते आणि कुत्र्यांच्या औषधाने मांजर दगावलेली पाहिलेली आहे.

मांजराचे यकृत काही द्रव्ये कुत्र्याच्या किंवा माणसाच्या यकृतासारखी निकामी करू शकत नाही. अनेक औषधांना ग्लुकुरोनिक आम्ल जोडून ती लघवीवाटे बाहेर टाकण्याची जी प्रक्रिया आपल्यात सहज होते, ती मांजरात अत्यंत दुबळी असते. त्यामुळे सॅलिसिलिक आम्ल, फिनॉल आणि त्यासारखी द्रव्ये तिच्या शरीरात दीर्घकाळ रेंगाळतात. नायट्यावरच्या जुन्या पद्धतीच्या मलमात सॅलिसिलिक आणि बेन्झोइक ही दोन्ही आम्ले असतात, आणि मांजरासाठी ती दोन्ही वाईट आहेत. मुरुमांवरची आणि चामखिळीवरची द्रावणेही याच यादीत येतात. मांजर दिवसाचा मोठा भाग स्वतःला चाटण्यात घालवते; तिच्या अंगाला पुसटसे लागलेले औषधही संध्याकाळपर्यंत पोटात गेलेले असते.

परमेथ्रिनविषयी विशेष सांगणे भाग आहे. खरजेसाठी माणसांना ५ टक्के परमेथ्रिनचे मलम दिले जाते, आणि कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या पिसवा-गोचिडांच्या काही थेंब-औषधांत त्याहून कितीतरी तीव्र परमेथ्रिन असते. कुत्रा ते सहन करतो. मांजराला मात्र त्याने थरथर, स्नायू आखडणे, झटके असे सगळे होते आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास मृत्यू येतो. ज्या घरात कुत्रा आणि मांजर एकमेकांना बिलगून झोपतात किंवा मांजर कुत्र्याची मान चाटते, तिथे कुत्र्याला लावलेले औषध मांजराला भोवते. आपली मांजर नेमकी मानच चाटते असे आपण लिहिले आहे. म्हणून आपल्या कुत्रीसाठी पिसवांचे औषध घेताना घरात मांजर आहे हे प्रत्येक वेळी आवर्जून सांगावे आणि परमेथ्रिनविरहित औषधच मागावे.

केस उगवण्यासाठी टाळूवर लावायचे मिनॉक्सिडिल कुणी वापरत असल्यास त्याबाबत तर मी हात जोडून विनंती करेन. काही थेंबांनीही मांजराचा रक्तदाब कोसळतो, फुप्फुसांत आणि त्यांच्याभोवती पाणी साचते आणि श्वास लागतो. त्यावर उतारा नाही; रक्तदाब सांभाळत, प्राणवायू देत वेळ काढावा लागतो. हे औषध मांजराला कुणी मुद्दाम लावलेलेच असते असे नाही. उशीच्या अभ्र्यावर उतरलेले, बोटांवर राहिलेले, बाटलीच्या तोंडाशी ओघळलेले द्रव तिला पुरेसे होते. वेदनाशामक म्हणून काही मलमांत आणि फवाऱ्यांत घातले जाणारे बेन्झोकेनही मांजराच्या रक्तातील हिमोग्लोबिन बिघडवते. हिरड्या तपकिरी-निळसर दिसू लागतात आणि प्राणवायू पेशींपर्यंत पोहोचत नाही. टी ट्री तेल ‘नैसर्गिक’ म्हणून विकले जाते, पण ते निव्वळ स्वरूपात कातडीवर लावल्याने मांजर आणि लहान कुत्रीही लटपटू लागतात, त्यांचे अंग थंड पडते.

मांजर आजारी पडल्याचे दाखवत नाही हे लक्षात असू द्यावे. ती पलंगाखाली जाऊन बसते, जेवणाकडे पाठ फिरवते, एवढेच दिसते.

उत्तर – कोरडी_त्वचा

मला सोरायसिस आहे, त्यामुळे माझ्या घरात औषध कुत्र्याच्या नव्हे तर माझ्या अंगावर असते. या बाजूचा विचार सहसा होत नाही, म्हणून लिहितो.

मी वापरतो त्या मलमात कॅल्सिपोट्रिऑल आहे. ते ड जीवनसत्त्वाशी संबंधित असून आपल्या त्वचेवर ते फार उपयोगी पडते. कुत्र्याच्या पोटात गेले तर मात्र रक्तातील कॅल्शियम वाढते, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात आणि शरीरातील मऊ भागांत कॅल्शियमचे थर बसतात. पहिला दिवस प्राणी बरा दिसू शकतो. उलट्या, सुस्ती, अतिशय तहान ही लक्षणे एक ते तीन दिवसांत उमटतात, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो. माझ्या कुत्र्याला कोपर आणि पोटऱ्या चाटायची सवय आहे आणि सोरायसिसचे चट्टेही नेमके तिथेच असतात. त्यामुळे मी मलम झोपायच्या खोलीत दार लावूनच लावतो, ते जिरेपर्यंत बाहेर येत नाही, वर लांब बाह्यांचा सुती सदरा आणि पायजमा घालतो, हात साबणाने धुतो आणि मगच त्याच्याजवळ बसतो. त्या कपड्यांची टोपलीही झाकणाची आहे.

याहून भयंकर औषध म्हणजे उन्हामुळे येणाऱ्या कर्करोगपूर्व चट्ट्यांवर लावायचे फ्लुरोयुरॅसिलचे मलम. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ च्या जानेवारीत या मलमाने पाच कुत्री दगावल्याचे सांगून इशारा दिला होता. त्यांतील एका घटनेत दोन कुत्री ट्यूबशी खेळत होती आणि मालकाने ती काढून घेण्यापूर्वी एकाच्या दातांनी ट्यूबला भोक पडले. दोन तासांत त्या कुत्र्याला उलट्या आणि झटके सुरू झाले आणि बारा तासांनी ते गेले. हा तपशील वाचल्यापासून मी माझ्या ट्यूबकडे निराळ्या नजरेने पाहतो. ॲल्युमिनिअमची किंवा प्लॅस्टिकची ट्यूब कुत्र्याच्या सुळ्यापुढे काहीच नसते, आणि तिला माणसाच्या हाताचा वास येत असल्याने ती त्याला हवीहवीशी वाटते. रिकामी ट्यूबही रिकामी नसते. घडीत आणि तोंडाशी राहिलेले मलम लहान प्राण्याला पुरते. म्हणून मी वापरातली ट्यूब उंच कपाटात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो आणि संपलेली ट्यूब उघड्या केरात टाकत नाही.

सांधेदुखीच्या मलमांनाही हाच नियम लागू करावा. याच प्रशासनाने २०१५ मध्ये फ्लर्बिप्रोफेन असलेल्या मलमांबाबत सावध केले होते. दोन घरांतील मांजरे मालकाच्या अंगावरील औषधाच्या संपर्काने आजारी पडली आणि त्यांतील काही दगावली. मालकाने मांजराला काहीच लावले नव्हते. संप्रेरकयुक्त जेल किंवा फवारे वापरणाऱ्यांच्या घरी नसबंदीची शस्त्रक्रिया केलेल्या कुत्रीचे स्तनाग्र किंवा योनिमार्गाचे बाह्यांग सुजणे, केस गळणे अशी लक्षणे दिसतात आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही, कारण पशुवैद्य प्राण्याची औषधे विचारतात आणि मालक स्वतःची सांगत नाही. आपल्या घरातील प्रत्येकाच्या त्वचेवरील औषधांची माहिती पशुवैद्यांना द्यावी असे मला मनापासून वाटते.

पुन्हा प्रश्न – पाऊलखुणा

सर्वांचे मनापासून आभार. तिन्ही औषधांची ती ट्यूब आता बंद कपाटात गेली आहे आणि कुत्रीच्या गळ्यात कॉलर आहे. ती दारांच्या चौकटींना धडकते आणि केविलवाणी पाहते, पण जागा कोरडी राहू लागली आहे. दोन शंका उरल्या आहेत. एवढी काळजी घेऊनही एखाद्या वेळी तिने किंवा मांजरीने कुणाच्या अंगावरचे मलम चाटलेच किंवा ट्यूब चावली, तर पहिल्या तासात काय करावे? घरीच उलटी करवावी का? आणि चार दिवसांनी डॉक्टरांनी लावायचे औषध दिलेच, तर ते चाटले जाऊ नये म्हणून कसे लावावे?

उत्तर – श्वानवैद्य

पहिल्या शंकेबाबत सांगायचे तर उलटी घरी करवू नये. मीठ पाजण्याची पद्धत अनेकांना ठाऊक असते, पण मिठामुळेच जीव धोक्यात येऊ शकतो. हायड्रोजन पेरॉक्साइड मांजराला तर कधीच देऊ नये. सुस्त झालेल्या किंवा झटके येत असलेल्या प्राण्याला उलटी करवली तर ती श्वासनलिकेत जाते. दुधाने विष उतरत नाही. तोंडाला लागलेले मलम ओल्या फडक्याने पुसावे, केसांना लागले असल्यास कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावे, प्राण्याला टॉवेलात गुंडाळून ऊबदार ठेवावे आणि लगेच पशुवैद्यांना फोन करावा. फोनवर आम्हाला पुढील गोष्टी हव्या असतात: ट्यूबवरील औषधाचे पूर्ण नाव आणि त्याचे टक्के, भरलेली ट्यूब किती ग्रॅमची होती आणि आता अंदाजे किती उरली आहे, प्राण्याचे वजन, आणि घटना किती वाजता घडली. चावलेली ट्यूब फेकू नये, सोबत आणावी. दातांच्या खुणांवरून आणि घडीत उरलेल्या मलमावरून किती पोटात गेले असेल याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

काही औषधांच्या बाबतीत लक्षणांची वाट पाहणे म्हणजे उपचाराची वेळ घालवणे होय. फ्लुरोयुरॅसिल, कॅल्सिपोट्रिऑल, मांजरासाठी मिनॉक्सिडिल आणि परमेथ्रिन ही त्यांतली प्रमुख. कॅल्सिपोट्रिऑल पोटात गेलेल्या कुत्र्याच्या रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस आणि मूत्रपिंडांचे निर्देशांक आम्ही काही दिवस पुन्हा पुन्हा तपासतो, शिरेतून द्रव देतो, गरज पडल्यास कॅल्शियम उतरवणारी औषधे देतो. याउलट साध्या पेट्रोलियम जेलीसारखा आधार असलेले, तीव्र घटक नसलेले मलम थोडेसे चाटले तर बहुधा जुलाबापलीकडे जात नाही. कोणते मलम कोणत्या गटात आहे हे मात्र फोनवर आम्हाला ठरवू द्यावे.

दुसऱ्या शंकेविषयी: आपल्या वर्णनावरून जिवाणूसंसर्ग निघाला तर आपल्या डॉक्टरांकडून कदाचित मलमाऐवजी २ ते ४ टक्के क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू किंवा फेस सुचवला जाईल, आणि मला स्वतःला तेच अधिक पसंत आहे, कारण ते अंगावर १० मिनिटे ठेवून धुऊन टाकता येते आणि चाटायला काही उरत नाही. ती १० मिनिटे घड्याळ लावून मोजावीत. बहुतेक घरांत शाम्पू दोन-तीन मिनिटांतच धुतला जातो आणि मग औषधाने गुण आला नाही अशी तक्रार येते. डोळ्यांत आणि कानांत ते जाऊ देऊ नये. मलमच दिले असेल तर हातमोजे घालून, केस बाजूला सारून, वाटाण्याएवढेही नको इतके थोडे घ्यावे आणि त्वचेवर दिसेनासे होईपर्यंत हलक्या बोटाने पसरावे. पांढरा थर उरला असेल तर ते जास्त झाले असे समजून गॉजने टिपून घ्यावे. औषध फिरायला नेण्यापूर्वी किंवा जेवण देण्यापूर्वी लावल्यास पुढची १५-२० मिनिटे तिचे लक्ष दुसरीकडे राहते, परंतु त्यानंतरही कॉलर काढू नये.

कॉलरच्या मापाबाबत एक सूचना आहे. शंकूची कडा नाकाच्या टोकापुढे दोन-तीन बोटे यायला हवी. त्याहून आखूड कॉलर घातलेली कुत्री मान वाकवून जांघेपर्यंत सहज पोहोचते. कडक प्लॅस्टिकऐवजी कापडी शंकू मिळतो, तो चौकटींना आदळत नाही. हवा भरलेली गोल कॉलर मात्र जांघेच्या चट्ट्यासाठी पुरत नाही. जेवताना कॉलर काढायची असेल तर संपूर्ण वेळ शेजारी बसून राहावे, आणि रात्री तर ती मुळीच काढू नये.